गोंदण दिसलं पाहिजे

अंबिकाच्या भिंतीवर कडूबांचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हिच्या माहेरी कोणीतरी ग्रामसेवक होऊन गेले असावेत. मागं निळा पडदा, अंगात काळा कोट, गळ्यात लाल टाय, आणि ह्या सगळ्याच्या वर उन्हानं रापलेला, दचकलेला एक चेहरा. मान आणि कॉलर यांच्यामध्ये बारीकशी पांढरी रेघ होती. डोकं एकीकडचं आणि धड दुसरीकडचं, हे ती रेघ काही लपू देत नव्हती.

"माझे वडील, आबा," अंबिका म्हणाली. "जन्मात कोट घातला नाही माणसानं. पटका आणि घोंगडं, बस. दहाव्याला हार घालायला फोटो पाहिजे, तर घरात फोटोच नाही. भाऊ धावत वैजापूरला गेला. तिथं आधार कार्डावरचं मुंडकं काढलं आणि कोटावर बसवून दिलं."

अंबिका आमच्या समोरच्या घरात राहते. सिडकोतली आमची गल्ली, तिच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दारावर 'फॉल-पिको, ब्लाऊज' अशी पाटी. नवरा राजकुमार शेंद्र्याच्या एका कंपनीत पाळ्यांवर जातो. माहेर वैजापूरच्या पुढं, धनगरवस्तीवर. तिचा भाऊ भारत अजून मेंढरं राखतो आणि आई वच्छलाबाई त्याच्याजवळ असते. अंबिका एरवी आमच्यासारखंच बोलते, पण माहेरचा फोन आला की तिची भाषा चप्पल दारात काढून थेट चुलीपाशी जाऊन बसते.

तिची एक सवय सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कोणी संध्याकाळी साडी घेऊन आलं आणि दिव्याखाली फॉलचा रंग पसंत करू लागलं, तर ही ऐकत नाही. "सकाळी या. उजेडात जुळवू. ट्यूबलाईट खोटं बोलते." दोन गिऱ्हाइकं ह्यापायी परत गेलेली मी पाहिली आहेत. हिनं हाक मारून थांबवलं नाही.

आबांचा खरा फोटो तिच्या जुन्या मोबाईलमध्ये होता. तोही तिनं दाखवला. माहेरच्या घराचं दार, दारात उभा माणूस, मागं लखलखीत ऊन. ऊन इतकं की अंगण पांढरंफेक झालेलं, आणि माणूस डांबरासारखा काळा. पटक्याचा आकार ओळखू यायचा, हातातली काठी ओळखू यायची. चेहरा म्हणून काही नव्हतंच.

"ह्यात आबा नाहीत, काकू. आबांची सावली आहे. आणि मीच काढलाय."

तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं की आईचं असं होऊ द्यायचं नाही. नवा मोबाईल घेतल्यावर ती पहिल्यांदा माहेरी गेली ती त्यासाठीच. आईला त्याच दारात उभं केलं आणि फोटो काढला. ह्या मोबाईलला चेहरा काळा ठेवणं माहीतच नव्हतं. त्यानं आपण होऊन उजेड ओढून घेतला, रंग उजळला, सुरकुत्यांवरून इस्त्री फिरवली. वच्छलाबाईंनी मोबाईल हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला.

"ही कोण बया?"

"माय, तूच हायेस की."

"मी? मग महं गोंदण कुठं गेलं?"

कपाळावरची उभी रेघ, हनुवटीवरचे ठिपके, गालावरची इवलीशी तुळस. सगळं मोबाईलनं डाग समजून पुसून टाकलं होतं.

"सोनं हितंच ऱ्हातं, लुगडं हितंच ऱ्हातं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मेल्यावर गोंदण तेवढं संगं येतं. अन् तुह्या डबड्यानं तेच काढून घेतलं व्हय गं?"

हे मला सांगताना अंबिका आधी खूप हसली. मग मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणाली, "आबांचं डोकं कोटावर गेलं. आता आईचं गोंदण पण गेलं, तर भिंतीवर मी कोणाला लावू?"

मी म्हटलं, "अगं, अंगणात लिंबाखाली बसवून काढ. तिथं उजेड सारखा असतो."

"नाही. आबा दारात होते. माय पण दारातच पाहिजे. घरातला अंधार दिसला पाहिजे, बाहेरचं ऊन दिसलं पाहिजे आणि गोंदण पण दिसलं पाहिजे."

हट्ट म्हणावा तर हट्ट, पण मला पटला. माझी लेक मेघा बंगळुरूला गेली तेव्हा तिचा कॅमेरा, स्टँड आणि जुना लॅपटॉप माझ्या कपाटात टाकून गेली होती. मी ते सगळं उचलून समोरच्या घरात नेऊन ठेवलं आणि मेघाला फोन लावून दिला.

मेघा म्हणाली, "अंबिकाताई, आपल्या डोळ्याला दारातला माणूस आणि बाहेरचं ऊन एकदमच दिसतं. कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही. म्हणून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे. एक कमी उजेडाचा, त्यात ऊन नीट येतं. एक मधला. आणि एक भरपूर उजेडाचा, त्यात अंधारातलं दिसतं. मग लॅपटॉपवर तिन्ही एकमेकांवर बसवायचे आणि ज्याच्यात जे चांगलं ते घ्यायचं. ह्याला एचडीआर म्हणतात, हाय डायनॅमिक रेंज."

अंबिका म्हणाली, "म्हणजे तीन कापडं एकावर एक. अन् टाका तिन्हींतून गेला पाहिजे."

"अगदी! पण मधलं कापड सरकलं तर?"

"चुणी पडती."

"तेच. कॅमेरा हलला नाही पाहिजे आणि समोरचं माणूस पण."

पहिला प्रयोग तिनं तिच्याच दारातून गल्लीवर केला. नेमका तेव्हा सांडू भाजीवाल्याचा गाडा समोरून चालला होता. तिन्ही फोटो लॅपटॉपवर जुळवले तर खोली सुरेख दिसत होती, रस्त्यावरचं ऊनही सुरेख, आणि मधोमध सांडूच्या पोटातून समोरच्या भिंतीवरचा विजेचा मीटर दिसत होता. हातात दोन दोन दुधी, आणि हात किती ते मोजायची सोय नव्हती. अंबिकानं दुसऱ्या दिवशी त्याला तो दाखवला.

"अरे बाप रे! मेरेकू जित्तेपणीच भूत बनवलं की ओ ताई," सांडू म्हणाला, आणि त्या दिवशी कोथिंबीर न मागता जास्त घातली. भुताची भीती की कौतुक, कोण जाणे.

पुढं काही दिवस तिला रंगांचा सोस लागला. लॅपटॉपवर उजेडाची, रंगांची बटणं सरकवता येतात हे कळलं आणि तिनं ती शेवटापर्यंत सरकवली. गच्चीवरून काढलेल्या संध्याकाळच्या फोटोत आभाळ लग्नाच्या मांडवासारखं निळं-जांभळं झालं, पाण्याच्या टाक्यांना सोन्याचा मुलामा चढला, खालचं गटार चांदीसारखं चमकायला लागलं, पलीकडच्या डोंगराची प्रत्येक काटकी कोरून काढल्यासारखी दिसू लागली. गल्लीच्या ग्रुपवर कौतुकाचा पाऊस. 'वा, कॅलेंडर!' मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू.

राजकुमार पाळीवरून आला, बूट न काढताच मोबाईलवर बघत म्हणाला, "आपल्या गल्लीत इतकं देखणं गटार कधी बांधलं?"

"तुम्ही जेवा गप."

"नाही, मी म्हणतो, तिथं बोटिंग चालू करू."

ती रागावली, पण सकाळी तिनं तोच फोटो दारातल्या उजेडात धरून बघितला. मग माझ्याकडं येऊन म्हणाली, "काकू, हा फोटो ट्यूबलाईटमधला आहे." तेवढंच. ग्रुपवरून तो काढता आला नाही, पण त्यानंतर तिच्या फोटोंत मांडव कधी दिसला नाही.

मग ती खरं शिकायला लागली. खिडकीत घासून ठेवलेली भांडी. माझ्या जिन्याखालची सायकल. आमच्या नळाला पाणी येईल त्या दिवशी सगळं बंद, कारण त्या दिवशी गल्लीतली कोणतीच बाई दुसरं काही करू शकत नाही. पण इतर दिवशी ब्लाऊजांच्या मधल्या वेळात ती एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यासमोर स्टँड लावून बसलेली असायची. अंधार किती उपसायचा, हेच तिला कळत नव्हतं. उपसला नाही तर काही दिसत नाही. सगळा उपसला की खोली दवाखान्यासारखी दिसते. एकदा भांड्यांचा फोटो दाखवत म्हणाली, "ह्यात मी कोपरा काळाच ठेवला. घरात अंधार असतोच की. तो बी घरातलाच."

त्यानंतर आम्ही दोघी एसटीनं वैजापूरला आणि तिथून भारतच्या मोटारसायकलवर, तिघं मिळून कशाबशा, वस्तीवर गेलो. पत्र्याचं घर, एकच दार, दारासमोर लिंब आणि त्याच्यापलीकडं मेंढरं कोंडायची जाळीची वाघूर. वच्छलाबाईंना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाई उभी राहते तेव्हासुद्धा चालत असल्यासारखी दिसते. सारखी इकडं बघ, तिकडं बघ, एखादं कोकरू कुठं अडकलं का बघ.

अंबिकानं त्यांना दाराच्या आत खुर्चीवर बसवलं. "माय, हलायचं नाय. तीन येळा आवाज होईल. तवर डोळं बी हलवायचं नाय."

"श्वास घेऊ का नको?"

"नको."

वच्छलाबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पदर सारखा केला आणि श्वास कोंडून बसल्या. भारत दारापलीकडून मेंढरं आवरत होता. खट, खट, खट. फोटो झाला.

घरी आल्यावर तो लॅपटॉपवर जुळला तेव्हा अंबिका उठून उभीच राहिली. काय फोटो होता! बाहेर लिंबाचं पान न् पान, आत कणगीची सावली, लुगड्याचा हिरवा रंग, आणि चेहऱ्यावर कपाळाच्या रेघेपासून हनुवटीच्या ठिपक्यांपर्यंत सगळं गोंदण. तिनं गुलमंडीच्या बाजारात जाऊन मोठा प्रिंट काढून घेतला, काचेच्या चौकटीत बसवला आणि मला घेऊन पुन्हा माहेरी गेली.

वच्छलाबाईंनी चौकट मांडीवर घेतली. पदरानं काच पुसली. बराच वेळ बघितलं.

"गोंदण हाय बरं का ह्यात," अंबिका म्हणाली.

"हाय."

"मग?"

"मग काय? झालं तुहं काम. आता हार तेवढा आणा."

अंबिकाचा चेहरा पडला. वच्छलाबाईंचा आवाज चढला नव्हता, पण बोलणं थांबलं नाही. "मेल्यावर लागतो म्हनून काढला ना तू? खरं सांग."

मला वाटलं, आता अंबिका काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. आपण सगळ्याच नेतो. ती म्हणाली, "व्हय."

"मंग मेल्यावानीच बसवलंस, ते बराबर केलंस." त्यांनी चौकट पालथी करून पत्र्याच्या पेटीवर ठेवली आणि चहाचं आधण टाकलं. चहा गोड होता. तो पिऊन आम्ही निघालो.

परतताना एसटीत अंबिका खिडकीकडं तोंड करून बसली होती. दुसऱ्या दिवशी कॅमेरा, स्टँड, लॅपटॉप सगळं माझ्या घरी आलं. "मेघाची वस्तू आहे, काकू. राहू द्या तुमच्याकडं."

मी ठेवून घेतलं. मीही तो फोटो पुन्हा मनासमोर आणून बघितला. बाई खुर्चीवर होती, गोंदण होतं, ऊन होतं. वच्छलाबाई म्हणून जी काही चालती-बोलती बाई मी पाहिली होती, ती मात्र श्वास कोंडल्याबरोबर उठून कुठंतरी निघून गेली होती.

बरेच दिवस गेले. लग्नसराई आली, ब्लाऊजांचे ढीग पडले. मग एका दुपारी अंबिका दारात. "काकू, लॅपटॉप जरा द्याल? दुसरं काही नाही. एक बघायचंय."

तिला जुना फोटो बघायचा होता, आबांचा. अंधारातून माणूस वर कसा काढायचा, हे हाताला आता माहीत होतं. तीन फोटो नव्हते, एकच होता, तोही जुन्या मोबाईलचा. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. ती बटण केसभर सरकवायची, थांबायची, पुन्हा केसभर. काळ्या आकारावर हळूहळू कण यायला लागले, बाजरीचं पीठ भुरभुरल्यासारखे. पटक्याची एक कड आली. काठी धरलेली बोटं आली. चेहरा मात्र आला नाही. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, काही कळेना. पण एक कळत होतं. तोंड उघडं होतं आणि मोकळा हात घराच्या आत, कोणाकडं तरी उचललेला होता.

"हे बोलतायत," अंबिका म्हणाली. "माझ्याकडं बघत नाहीयेत. कोणाशी बोलतायत?"

ह्या वेळी ती आईसाठी प्रिंट घेऊन गेली नाही. लॅपटॉपच घेऊन गेली. कॅमेऱ्याची पिशवी मीच खांद्याला लावली. तिनं बघितलं आणि स्टँड उचलून माझ्या हातात दिला.

वच्छलाबाई चुलीपाशी होत्या. अंबिकानं लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.

"हे काय गं? पीठ सांडलंय का?"

"नीट बघ, माय."

त्या पुढं झुकल्या. हातातलं लाकूड चुलीत सरकवायचं तसंच राहिलं.

"हा तं आवाज देतोय," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"कुणाला म्हंजी? मला. मी हितंच व्हते, चुलीपाशी. तू त्या कोपऱ्यात मोबाईल धरून. हा लिंबाखालून आला अन् दारात थांबून..."

"काय म्हनले आबा?"

"काय म्हननार? 'आगं ए, त्या काळ्या कोकराला दूध पाजलं का?' जलमात नाव घेऊन हाक मारली नाय. अन् आवाज केवढा! ह्या वस्तीवरनं त्या वस्तीवर जायचा." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, जिथं तोंड होतं तिथं. "हितंच उभा व्हता."

मग त्या उठल्या आणि दाराकडं गेल्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आबा होते तिथंच, ऊन पाठीवर घेऊन, आणि आत चुलीकडं बघायला लागल्या.

"काय बघायलीस?" लेकीला म्हणाल्या. "लाव की तुहं ते तीन पायांचं. तू व्हतीस त्याच कोपऱ्यात लाव. पर मी श्वास कोंडनार नाय, सांगून ठेवते. अन् गप बी बसनार नाय."

अंबिकाचे हात थरथरत होते, म्हणून स्टँडचे पाय मी रोवले. वच्छलाबाई खरंच बोलत होत्या. आमच्याशी नाही, चुलीच्या दिशेनं, आबांशी. पाजलं होतं बरं का दूध, तुम्ही इचारायच्या आधीच पाजलं होतं, म्हणून तर जगलं ते, केवढी मेंढी झाली त्याची, तुम्हाला दिसली का. तेवढ्यात पायातून एक कोकरू घरात घुसायला लागलं. चेहरा तसाच चुलीकडं ठेवून त्यांनी हातानं त्याला हाकललं, "हुर्र!" आणि त्याच वेळी खट, खट, खट.

जुळवल्यावर फोटोत व्हायचं ते झालं. उजवे हात तीन. कोकराला दोन तोंडं, त्यातलं एक अर्धं पारदर्शक. पण चेहरा एका जागी राहिला होता. ओठ बोलता बोलता जरा सरकलेले, डोळे चुलीवर, गोंदण ठसठशीत. बाहेर ऊन होतं आणि घराचा कोपरा अंबिकानं काळाच ठेवला होता.

मेघाला दाखवला तर ती म्हणाली, "ताई, हात घालवता येतील. एका बटणाचं काम आहे, अशी भुतं पुसून टाकतं ते."

अंबिकानं आईला फोन लावला. "माय, तुला तीन हात आलेत. दोन काढून टाकू का?"

"ऱ्हाऊ दे," पलीकडून उत्तर आलं. "एका हातानं इतकी मेंढरं वळली व्हय मी?"

वस्तीवरच्या घरातून कोटातले कडूबा उतरले. वच्छलाबाईंनी स्वतः स्टुलावर चढून उतरवले. "ह्या सायबाला आता त्याच्या घरी जाऊ द्या," म्हणाल्या. त्या खिळ्यावर आता पिठातले कडूबा आहेत, तोंड उघडं, हात उचललेला. अंबिकाच्या मशीनवरच्या भिंतीवरही तेच. गिऱ्हाइकं विचारतात, फोटो खराब झालाय का. ती म्हणते, नाही, असाच आहे. तीन हातांचा फोटो मात्र भिंतीवर नाही. वच्छलाबाईंनी तो लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलाय आणि वस्तीवर येईल त्याला काढून दाखवतात.

परवा मी फॉलची साडी घेऊन अंबिकाकडं गेले होते, सकाळीच, अर्थात. तिच्या आईचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. कडूबांच्या आवाजाचं मला माहीत नाही, पण हाही ह्या वस्तीवरनं त्या वस्तीवर जाणाराच.

"अंबे, त्यो फोटो जुना झाला बरं का."

"असा कसा जुना झाला, माय?"

"महा म्होरला दात पडला काल. फोटोत दात हाय. मंग उद्या खोटा फोटो लावशील का मला?"

"नाय लावनार."

"मंग ये की नवा काढायला. अन् त्या बाईला बी आन संगं, स्टँड रोवायला. तुहे हात लई हालतेत."

अंबिकानं फोन ठेवला, माझी साडी उजेडात धरली आणि फॉलचा रंग जुळवत जुळवत विचारलं, "काकू, रविवारी जमेल का?"